पिएट्टाचे १८५८ रेमिंग्टन: पहिले ठासणीचे रिव्हॉल्व्हर म्हणून कसे आहे?

काळ्या दारूवर चालणारे पहिले रिव्हॉल्व्हर घ्यायचे असेल, तर पिएट्टा या इटालियन कंपनीची १८५८ च्या रेमिंग्टनची प्रतिकृती घ्यावी, आणि तीही पोलादी फ्रेमची, ०.४४ कॅलिबरची व आठ इंची नळीची घ्यावी, असे माझे मत आहे. हे मत नेमबाजीपेक्षा साफसफाईवर बेतलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. रेंजवर तासभर बार उडवल्यानंतर घरी येऊन आणखी तासभर हे हत्यार धुवावे लागते, आणि ते त्याच दिवशी धुवावे लागते. जे रिव्हॉल्व्हर उघडायला सोपे तेच नेमाने धुतले जाते, आणि जे नेमाने धुतले जाते तेच टिकते. दुकानात हातात घेऊन बघताना हा विचार कुणाच्याच मनात येत नाही. तेव्हा पितळेची चमक आणि सिलिंडरवरची नक्षीच डोळ्यांत भरते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या रिव्हॉल्व्हरमध्ये तयार काडतूस नसते. सिलिंडरच्या सहा कोठ्यांपैकी प्रत्येकीत पुढच्या तोंडाने मोजून दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने ती ठासायची, आणि शेवटी मागच्या बाजूच्या निपलवर, म्हणजे पोकळ बोंडीवर, तांब्याची इवलीशी कॅप बसवायची. घोडा कॅपवर पडला की ठिणगी निपलमधून आत जाते आणि बार उडतो. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून वापरात आहेत. ज्यांनी त्या जवळून पाहिल्या आहेत त्यांना यातले तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की तिथे गजाने नळीतून ठासतात आणि इथे दांड्याने सिलिंडरमध्ये.

मूळ रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कंपनीचे. त्याला १८५८ चे म्हणतात ते नळीवर कोरलेल्या १४ सप्टेंबर १८५८ या पेटंटच्या तारखेमुळे. ज्या ‘न्यू मॉडेल आर्मी’ची ही नक्कल आहे ते प्रत्यक्षात १८६३ पासून, म्हणजे अमेरिकन यादवी युद्ध निम्मे सरल्यावर, बनू लागले. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याला मोठी आग लागली आणि त्यानंतर रेमिंग्टनवरची सरकारची भिस्त वाढली. इटलीच्या ब्रेशा प्रांतात या जुन्या हत्यारांच्या प्रतिकृती बनवण्याचा धंदा १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि आज बाजारात जे नवे ठासणीचे रिव्हॉल्व्हर मिळते ते बहुधा तिथल्याच दोन कंपन्यांपैकी एकीचे असते, पिएट्टाचे किंवा उबेर्तीचे.

खरेदीआधी कायद्याचे बघावे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वीची बंदूक आणि साधे काडतूस न वापरणारी तिची प्रतिकृती ‘पुराणशस्त्र’ ठरते, आणि त्यामुळे इतर पिस्तुलांना लागणारी परवानाधारक विक्रेत्यामार्फतची कागदपत्रे तिला लागत नाहीत. मी ओहायोत राहतो. माझे रिव्हॉल्व्हर कुरियरने थेट दारात आले. पण हे सगळीकडे लागू नाही, आणि आपल्या लोकांची गफलत नेमकी इथेच होण्याचा संभव आहे, कारण मराठी वस्ती दाट आहे ती न्यू जर्सीत. तिथे हेच रिव्हॉल्व्हर पिस्तूल म्हणून धरले जाते आणि खरेदीचा परवाना आधी काढावा लागतो. जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही नियम जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि सुट्टीत घरी दाखवायला म्हणून ते भारतात नेण्याचा विचार मनातूनसुद्धा काढून टाकावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमापुढे ‘ही नुसती प्रतिकृती आहे’ हा बचाव चालणार नाही, कारण त्यातून खरी गोळी सुटते.

आता निवडीकडे वळू. नवख्याला पहिल्यांदा मोह पडतो तो कोल्टचा, विशेषतः त्यांच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ या मॉडेलचा, आणि तो मोह समजण्यासारखा आहे. कोल्टची मूठ हातात जशी बसते तशी रेमिंग्टनची बसत नाही, हे रेमिंग्टनच्या कट्टर चाहत्यालाही मान्य करावे लागते. जुन्या अमेरिकन पश्चिमेतला प्रसिद्ध पिस्तुलबाज वाइल्ड बिल हिकॉक याने कमरेला लावलेली जोडी नेव्हीचीच होती. परंतु कोल्टची फ्रेम वरून उघडी आहे. नळीचा भाग एका जाड खिळीवर सरकवून आडव्या पाचरीने अडकवलेला असतो. ती पाचर किती आत ठोकली यावर सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट ठरते, आणि नव्या प्रतिकृतीत ती इतकी घट्ट बसलेली असते की पहिल्या वेळी लाकडी हातोडी घ्यावी लागते. मागचा नेम तर घोड्याच्या डोक्यावरच्या खाचेतून धरायचा असतो. फुटलेल्या कॅपचा तुकडा घोड्याच्या फटीत पडून यंत्रणा अडण्याचे प्रकारही कोल्टमध्ये अधिक होतात.

रेमिंग्टनमध्ये सिलिंडरच्या वरून पोलादी पट्टी जाते, त्यामुळे फ्रेम चारही बाजूंनी बंद आहे आणि नळी तिच्यात कायमची बसवलेली आहे. मागच्या नेमाची खाच त्याच पट्टीत कोरलेली असल्यामुळे घोडा मागे असो वा पुढे, ती जागची हलत नाही. सिलिंडर काढायचा झाला तर घोडा अर्धा मागे ओढून अडकवायचा, ठासण्याचा दांडा खाली करायचा, सिलिंडरचा आस पुढे ओढायचा, आणि सिलिंडर बाजूने तळहातावर घरंगळतो. हातोडी नको, पाचर नको. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: सिलिंडरच्या मागच्या बाजूला दोन निपलांच्या मधोमध एकेक खाच आहे आणि घोड्याचे नाक तिच्यात विसावते, त्यामुळे भरलेल्या सिलिंडरवरही घोडा कोणत्याच कॅपवर टेकलेला नसतो. तरीही अनेक क्लबांत पाचच कोठ्या भरण्याचा दंडक आहे आणि तो निमूटपणे पाळावा.

पितळी फ्रेमच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पहिली खरेदी बहुतेकांची तिथेच घसरते. पोलादी रेमिंग्टन साधारण साडेतीनशे ते चारशे डॉलरच्या घरात असेल, तर पितळी फ्रेमचे रिव्हॉल्व्हर बरेच खाली मिळते आणि दिसायला त्याहून देखणे असते. पण पितळ मऊ. प्रत्येक बाराला सिलिंडर मागे आदळतो आणि भरपूर दारू घालत राहिले तर फ्रेमच्या मागच्या ढालीवर सिलिंडरच्या कडांचे वण उठतात. कोल्टच्या घडणीत तर जाड खीळच सैल होऊ लागते. मग फट वाढते, घोड्याचा घाव कॅपवर नीट बसत नाही, आणि ही झीज भरून काढण्याचा सोपा उपाय नाही. दारू कमी घातली तर पितळी रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे टिकते, हेही खरे. मात्र नवखा माणूस कमी दारूवर थांबतोच असे नाही. इतिहासाची हौस असणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की यादवी युद्धात दक्षिणेकडच्या संघराज्यात पोलादाच्या टंचाईमुळे ग्रिसवोल्ड अँड गनिसन या कंपनीने पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरे बनवली होती, पण ती ०.३६ कॅलिबरची. दुकानात ‘०.४४ नेव्ही’ म्हणून जे पितळी हत्यार विकले जाते, तसे कोल्टने कधी बनवलेच नव्हते.

उबेर्तीचे रेमिंग्टन पिएट्टापेक्षा थोडे महाग आणि फिनिशमध्ये थोडे सरस असते. लाकडावरचे पॉलिश आणि स्क्रूंची बसणी पाहिली की फरक कळतो. गेल्या काही वर्षांत पिएट्टाने आपले यंत्रकाम इतके सुधारले आहे की पहिल्या खरेदीसाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. ह्यूस्टनसारख्या दमट हवेत किंवा फ्लोरिडात राहणाऱ्यांनी मात्र स्टेनलेस आवृत्तीचा जरूर विचार करावा. धुण्यातून सुटका होत नाही, पण एखादा डाग नजरेतून सुटला तर त्याची शिक्षा सौम्य होते. रुगर कंपनीचे ओल्ड आर्मी या सगळ्यांहून मजबूत होते, पण १९७२ मध्ये आलेले ते मॉडेल २००८ मध्ये बंद झाले आणि आता वापरलेल्याचीही किंमत चढी आहे. कोल्टचे १८४७ चे वॉकर हे सव्वाचार पौंडांहून जड धूड पहिले म्हणून कुणीही घेऊ नये.

रिव्हॉल्व्हर घरी येते ते संरक्षक ग्रीसमध्ये बुडालेले. पेटीतून काढून थेट रेंजवर नेले तर पहिल्या सहांपैकी दोन-तीन बार हमखास फुसके निघतात, कारण ते ग्रीस निपलांत आणि त्यांच्या मागच्या बारीक भोकांत साचलेले असते. आधी सगळे सुटे करून धुवावे, आणि रेंजवर पोहोचल्यावर दारू न घालता प्रत्येक निपलवर एक कॅप फोडावी, म्हणजे उरलेले तेल जळून जाते. नळीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून कॅप फोडली आणि पाते हलले, की मार्ग मोकळा झाला असे समजावे. फ्रेमवर इटलीच्या चाचणीगृहाचे शिक्के असतात. त्यातल्या चौकोनातल्या दोन अक्षरांवरून चाचणीचे वर्ष कळते. जुना माल नवा म्हणून आला आहे का, हे पाहायला ती अक्षरे उपयोगी पडतात.

दारू खरी काळीच वापरावी, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांची, आणि दाणा तीन एफचा, म्हणजे बारीक. आधुनिक धूरहीन दारू यात चिमूटभरही घालायची नाही. तिच्या दाबाने सिलिंडर फुटतो आणि बोटे जातात. माप वजनाचे नसते, आकारमानाचे असते. कोठीत पस्तीस ग्रेनच्या आसपास दारू मावते, पण कागदावर नेम धरायचा तर वीस ते पंचवीस ग्रेन पुरेशी होते, आणि सोबतच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा ओलांडायचे कारणच नाही. दारू कुपीतून सरळ कोठीत ओतू नये. आधी मापात घ्यावी आणि मापातून कोठीत टाकावी, कारण आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर पेट घेईल ती मापातली चिमूटभर दारू घेईल, हातातली अख्खी कुपी नव्हे. दारू कमी घातली की गोळी खोल जाते आणि नळीपर्यंत पोहोचायला तिला उगाच उडी मारावी लागते, म्हणून मधली जागा भरायला इथले नेमबाज मक्याचे पीठ किंवा क्रीम ऑफ व्हीट घालतात. क्रीम ऑफ व्हीट म्हणजे जवळपास आपला रवाच. इंडियन ग्रोसरीतला बारीक रवा मी वापरून पाहिला आहे आणि त्याने कामात काही फरक पडत नाही. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये, एवढाच यातला मुद्दा आहे.

गोळी मऊ, शुद्ध शिशाची हवी. पिएट्टाच्या ०.४४ साठी ०.४५१ किंवा ०.४५४ इंचांची गोळी चालते. मी दुसरी घेतो. ठासताना दांड्यावर जोर दिला की कोठीच्या कडेने गोळीची कातर निघते आणि शिशाचे केसाइतके बारीक वर्तुळ सुटून बाहेर येते. ते वर्तुळ अखंड असेल तर कोठी पुरती बंद झाली. ते तुटक आले, किंवा आलेच नाही, तर गोळी लहान आहे असे समजून त्या मापाची गोळी वापरणे तिथेच थांबवावे, कारण एका कोठीची ज्वाला शेजारच्या कोठीत शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा जो धोका या रिव्हॉल्व्हरात असतो, त्याचे एक कारण ही फट आणि दुसरे म्हणजे सैल बसलेली कॅप. आग पुढून शिरते की मागून, यावर जुन्या नेमबाजांत कधीच एकमत होत नाही. मी दोन्हीकडचा बंदोबस्त करतो: दारू आणि गोळी यांच्यामध्ये मेणचरबीत भिजवलेली नमद्याची चकती, आणि निपलवर घट्ट बसणारी कॅप. सैल कॅप चिमटून बसवण्याची सवय बऱ्याच जणांना असते. ती लावून घेऊ नये. निपल बदलावे.

निपलांचा विषय निघालाच आहे तर या रिव्हॉल्व्हरचे दोषही सांगून टाकतो. कारखान्यातून येणारी निपले जेमतेम असतात. दहा नंबरच्या कॅपा त्यांच्यावर बहुधा नीट बसतात आणि अकरा नंबरच्या सैल होतात, पण दहा नंबर दुकानात असतीलच याची खात्री नाही. चांगल्या प्रतीच्या निपलांचा सुटा संच घेऊन पहिल्याच महिन्यात बदलून टाकावा. दुसरा दोष घडणीतलाच आहे: सिलिंडरचा आस बारीक आहे आणि ज्वालेपासून त्याला आडोसा नाही, त्यामुळे दोन-तीन फैरींनंतर, म्हणजे सिलिंडर दोन-तीनदा रिकामा झाल्यावर, काजळी साचून सिलिंडर अडखळू लागतो. कोल्टचा जाड, खाचांत ग्रीस धरून ठेवणारा आस या बाबतीत सरस आहे आणि कोल्टवाले ते ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. उपाय सोपा आहे. फैरींच्या मध्ये आस ओढून ओल्या फडक्याने पुसावा आणि त्यावर बोटभर ग्रीस लावावे. तिसरा दोष म्हणजे चापाच्या कडीमागे मधल्या बोटाला जागा कमी आहे. मोठ्या हाताच्या माणसाचे पेर सोलवटते. शिवाय कोठ्यांचा व्यास नळीच्या आतल्या खाचांच्या व्यासापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून गोळी नळीत जितकी घट्ट बसायला हवी तितकी बसत नाही. स्पर्धेत उतरणारे लोक गनस्मिथकडून कोठ्या रुंद करून घेतात. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडायचे कारण नाही.

एवढे असूनही पंचवीस यार्डांवर, हात टेकवून, या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ पडतात. नेम डावी-उजवीकडे जात असेल तर पुढची पाती तिच्या खाचेत हलके ठोकून सरकवता येते. धक्का फार बसत नाही. हत्यार जड आहे आणि काळी दारू ढकलते, झटका देत नाही. प्रत्येक बाराबरोबर पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा वास अंगणात यावा तसा वास रेंजवर भरून राहतो. ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीस मिनिटांत तेरा बार मारायचे आणि उत्तम दहा मोजायचे असा नियम आहे. हा वेग अंगवळणी पडला की घाई आपोआप सुटते. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून निदान मिनिटभर थांबावे, आणि डोळ्यांवर चश्मा असल्याशिवाय एकही कॅप फोडू नये, कारण तिचे तुकडे मागे आणि बाजूला उडतात.

आता धुणे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन अवशेष म्हणून मागे उरतो आणि तो अवशेष हवेतला ओलावा शोषून घेतो. पावसाळी दिवशी एका रात्रीत नळीत तांबूस छटा येते. बाजारात या कामासाठी नाना रसायने मिळतात, पण काळ्या काजळीचा खरा शत्रू गरम पाणी हाच आहे. मी लाकडी मूठ सोडवून बाजूला ठेवतो, सिलिंडर काढतो, निपले पान्याने सोडवतो, आणि सगळे पोलाद भांडी घासायच्या साबणाच्या कढत पाण्यात टाकतो. पाणी लगेच काळे होते आणि गंधकाचा दर्प येतो. नळीतून ब्रश आणि मग फडकी फिरवायची. कोठ्यांना वेगळा ब्रश. निपलांच्या भोकांत पाइप क्लीनर. सिलिंडरच्या मागच्या दातेरी कडांना आणि फ्रेमच्या कोपऱ्यांना जुना टूथब्रश. काजळी सर्वांत चिवट असते ती नळी जिथे फ्रेममध्ये शिरते त्या वरच्या कोपऱ्यात, आणि तिथे बोट पोहोचत नाही म्हणून ती तशीच राहून जाते. फडके पांढरे बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचे, मग सगळ्यावर उकळते पाणी ओतायचे, म्हणजे तापलेले पोलाद स्वतःच्याच उष्णतेने सुकते. भोकांत पाणी राहिल्याची शंका असेल तर ओव्हन अगदी मंद, दोनशे अंश फॅरनहाइटवर ठेवून पंधरा मिनिटे सुटे भाग आत ठेवावेत. ते कोमट असतानाच तेल लावायचे. इथे रेंगाळले तर उघड्या पोलादावर डोळ्यांदेखत गंजाची पुटी चढते.

घरच्यांच्या आणि विशेषतः मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. धुतलेल्या पाण्यात शिसे असते. स्वयंपाकघरातले सिंक या कामासाठी वापरू नये. गॅरेजमध्ये वेगळी बादली, वेगळा टब आणि वेगळे ब्रश ठेवावेत, आणि काम संपल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. ओव्हनबद्दलही तेच: जुना टोस्टर ओव्हन गॅरेजमध्ये ठेवला तर घरात वाद होत नाहीत. माझ्या पत्नीने ही अट पहिल्याच दिवशी घातली आणि तिचे बरोबर होते.

तेलाच्या बाबतीत मी बॅलिस्टॉल वापरतो. ते पाण्यात मिसळते, काजळीशी भांडत नाही आणि लाकडाला अपाय करत नाही. पेट्रोलियमचे साधे बंदुकीचे तेल नळीत राहू दिले आणि त्यावर काळी दारू जाळली तर डांबरासारखा चिकट थर बसतो, असा इथल्या सर्वांचाच अनुभव आहे, म्हणून ते आतल्या यंत्रणेपुरते ठेवावे. निपलांच्या आट्यांना परत बसवण्याआधी ग्रीस लावलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी ती जाम होऊन पान्याचे दात मोडतात. धुतल्यानंतर चार-पाच दिवसांनी कोरडे पांढरे फडके नळीतून एकदा फिरवावे. तांबूस आले तर धुणे अर्धे राहिले होते.

दर वेळी पूर्ण यंत्रणा उघडायची गरज नाही. काही महिन्यांनी मात्र मुठीच्या पुढच्या पट्टीतला ताण देणारा स्क्रू सैल करून मुख्य स्प्रिंग बाजूला काढावी, चापाची कडी उतरवावी, आणि घोडा, त्याला जोडलेला सिलिंडर फिरवणारा हात, चाप आणि सिलिंडर अडवणारा बोल्ट हे सगळे पुसून घ्यावेत. कारखान्याच्या स्क्रूंची डोकी मऊ असतात. हार्डवेअरच्या दुकानातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर त्यांची वाट लावतो, म्हणून खाचेत घट्ट बसणाऱ्या समांतर पात्याचे गनस्मिथी स्क्रूड्रायव्हर घ्यावेत. चाप आणि बोल्ट या दोघांना दाबणारी दोन पायांची चपटी स्प्रिंग कधी ना कधी तुटतेच. ती, हाताची स्प्रिंग आणि निपलांचा जादा संच घरात असू द्यावा. तिन्ही मिळून पन्नास डॉलरच्या आतबाहेर खर्च येतो.

वापरलेले रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळत असेल तर ते आधी रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, म्हणजे निपलांवर कॅप नाही आणि प्रत्येक कोठीत समोरून तळ दिसतो हे पाहावे. मग घोडा सावकाश मागे ओढावा. तो पूर्ण चढण्याआधी किंवा चढताना बोल्ट खाचेत टकदिशी पडला पाहिजे, आणि हे सहाही कोठ्यांवर व्हायला हवे. चढलेल्या घोड्यावर अंगठ्याने पुढे जोर दिल्यावर तो सुटत असेल तर ते हत्यार विकत घेऊ नये. निपले सुटत नसतील तर आधीच्या मालकाने धुण्यात कसूर केली आहे; मग नळीत उजेड टाकून खड्डे शोधायला लागावे.

दारू आणि कॅपा या दोन्ही धोकादायक मालात मोडतात, आणि ऑनलाइन मागवल्या तर त्यावर वेगळे शुल्क बसते, जे एका डब्यापुरते द्यायचे म्हटले तर दारूपेक्षाही महाग पडते. शिवाय २०२१ मध्ये लुइझियानातल्या मिंडेनचा गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली तेव्हा देशी काळी दारू काही काळ दिसेनाशी झाली होती; पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो विकत घेतला. स्विस दारू उत्तम आहे, पण महाग. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारू साध्या दुकानांत मिळतात आणि चालतातही, मात्र त्यांना पेट घ्यायला कॅपचा जोर अधिक लागतो आणि त्यांची काजळी काळ्या दारूइतकीच गंज आणते. म्हणून क्लबातल्या चार-पाच जणांनी मिळून वर्षाची एकच ऑर्डर टाकायची आणि शुल्क वाटून घ्यायचे, असा इथला रिवाज आहे. रिव्हॉल्व्हर मागवण्याआधी अशा क्लबात एक फेरी मारावी. इंडियानातल्या फ्रेंडशिप या गावी ठासणीच्या नेमबाजांच्या राष्ट्रीय संघटनेचे मोठे मैदान आहे, आणि तिथे किंवा कोणत्याही गावच्या रेंजवर दोन्ही घडणींची रिव्हॉल्व्हरे हाताळून पाहायला कुणी नाही म्हणत नाही.